साल्सा म्हणजे मिश्रण की मीठ? एका नावाचा शोध

चिंचगूळ

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच काढते. मी गेलं दीड वर्ष पुण्यात साल्सा, म्हणजे त्याच नावाच्या संगीतावरचा नाच, शिकतेय. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं की साल्सा म्हणजे स्पॅनिशमधे मिश्रण, आफ्रिकेचे ढोल, स्पेनची गिटार, अमेरिकेचं जॅझ असं सगळं एकत्र घोटलं म्हणून हे नाव. ऐकायला छान वाटलं आणि मीही पुढे दहा जणांना तेच सांगितलं. मग स्पॅनिशच्या बेसिक कोर्सला बसले तर तिथे कळलं की या शब्दात मिश्रण वगैरे काही नाहीच. साल्सा म्हणजे सॉस. चटणी म्हणा, रस्सा म्हणा, कोरड्या पदार्थावर चवीला जे ओततात ते. आणि त्याच्याही मागे गेलं तर लॅटिनमधला शब्द साल, म्हणजे मीठ, त्यावरून साल्सा म्हणजे "मीठ लावलेली". सॉस, सॅलड, सॉसेज आणि सॅलरीसुद्धा, हे सगळे इंग्रजी शब्द त्याच मिठातून निघालेत.

तेव्हापासून जो नाद लागलाय तो सुटत नाहीये. माझं म्हणणं असंय की "मिश्रण" हा अर्थ मागाहून चिकटवलेला आहे, मूळचा शब्द ही एक आरोळी होती. क्यूबा काय, पोर्तो रिको काय, तिकडे बँड रंगात आला की गाणारे नाहीतर वाजवणारे मधेच ओरडतात, "साबोर!" म्हणजे चव, "कांदेला!" म्हणजे आग, "आसूकार!" म्हणजे साखर. तसंच "साल्सा!" म्हणजे अरे चव येऊ दे, असं सपक वाजवू नका.

छापील गाण्यात हा शब्द ठळकपणे येतो तो इग्नासिओ पिन्येरो या क्यूबन संगीतकाराच्या गाण्यात, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, क्यूबाच्या राजधानीत, हवानात. "एचाले साल्सिता", म्हणजे घाल की त्यावर जरासा सॉस. गाण्यातली गोष्ट अगदी साधी आहे, एक जण रात्री मौजमजा शोधत घरातून निघतो, फिरत फिरत हवानाबाहेरच्या कातालिना नावाच्या गावात पोचतो आणि तिथे सॉसेज विकणाऱ्याची हाळी त्याच्या कानावर पडते, एचाले साल्सिता! बास. पण ती हाळी गाण्यात अशी काही परत परत येते की ऐकता ऐकता ती सॉसेजबद्दल राहतच नाही, वाजवणाऱ्यांना उद्देशून होते. १९३२ मधे अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन हवानाला गेला होता, त्याने या गाण्याची सुरावट उचलून आपल्या क्यूबन ओव्हर्चर या वाद्यवृंदाच्या रचनेत घातली, इतकी ती डोक्यात बसणारी आहे.

म्हणजे साल्सा नावाचं संगीत जन्मायच्या तीस-पस्तीस वर्षं आधी साल्सा हा शब्द बँडमधे वावरत होता. मग तो एका अख्ख्या प्रकाराचं नाव कधी झाला, कुणी केला? यावर जाणकारांनी लिहा प्लीज. मलाही थोडं सापडलंय, पण आधी तुमचं ऐकायचंय.

डग्गा

छान धागा! तबला वाजवतो त्यामुळे शब्दापेक्षा ठेक्यात जास्त रस आहे, पण एक विचारतो, ही चव चव म्हणतात ती नेमकी येते कशातून? आमच्याकडे ठेक्यात "वजन" म्हणतात तसलं काही असावं का?

हडसनकाठ

चिंचगूळताई, मस्त विषय काढलात. मी पंचवीस वर्षं न्यू यॉर्कजवळ राहतोय, माझ्या ऑफिसातले एक पोर्तोरिकन काका न्यू यॉर्कच्याच ईस्ट हार्लेम वस्तीत वाढलेले, त्यांच्याबरोबर जेवणाच्या सुट्टीत याच विषयावर तासन्‌तास बोललोय म्हणून थोडं लिहितो.

नाव प्रकाराला लागलं ते न्यू यॉर्कमधे, १९७० च्या आसपास, पण शब्द त्याआधीपासून रेकॉर्डच्या कव्हरवर यायला लागला होता. १९६२ मधे ज्यो क्यूबाच्या बँडने "साल्सा इ बेंबे" गायलं, १९६३ मधे चार्ली पालमिएरीच्या रेकॉर्डचं नाव "साल्सा ना' मा'", म्हणजे फक्त साल्सा, दुसरं काही नको. बेंबे म्हणजे आफ्रिकी-क्यूबन लोकांचा देवाधर्माचा ढोलांचा कार्यक्रम, आपल्याकडच्या गोंधळ-जागरणासारखा समजा. आता बघा, इथेही साल्सा हे संगीताचं नाव नाहीये, गुणाचं नाव आहे. आपण "यात दम आहे" म्हणतो ना तसं.

१९६४ मधे जॉनी पाचेको आणि जेरी मसुच्ची या दोघांनी फानिया नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. पाचेको डॉमिनिकन, बासरी वाजवायचा, बँड चालवायचा. मसुच्ची इटालियन वंशाचा वकील, त्याआधी पोलिसात होता. सुरुवातीला हे लोक गाडीच्या डिकीत रेकॉर्ड भरून हार्लेम आणि ब्रॉंक्समधल्या दुकानांना नेऊन द्यायचे. पुढे यांनीच विली कोलोन, हेक्तोर लावो, रे बारेत्तो, सेलिया क्रूझ, रुबेन ब्लेड्स अशी एकेक गाणारी-वाजवणारी माणसं गोळा केली. १९७१ च्या ऑगस्टमधे चीता नावाच्या क्लबात सगळ्यांचा मिळून कार्यक्रम झाला, त्याचा सिनेमा निघाला. १९७३ मधे थेट न्यू यॉर्कचं बेसबॉलचं यांकी स्टेडियम. आणि त्याच वर्षी इझी सानाब्रिया हा माणूस, जो फानियाच्या रेकॉर्डची कव्हरं काढायचा आणि कार्यक्रमांचं निवेदनही करायचा, त्याने टीव्हीवर "साल्सा" नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि लॅटिन न्यू यॉर्क मासिकातून हा शब्द लावून धरला. तेव्हापासून दुकानात त्या नावाचा वेगळा कप्पाच झाला.

म्हणून बरेच जण म्हणतात की हे कंपनीने विकायला काढलेलं लेबल आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. लेबल त्यांनी चिकटवलं, शब्द त्यांनी घडवला नाही.

जुनी_कॅसेट

हडसनकाठ, तुमच्या प्रतिसादात एक शहर राहिलं, काराकास. व्हेनेझुएलाचे लोक ठामपणे सांगतात की प्रकाराचं नाव म्हणून साल्सा हा शब्द आमच्याकडे आधी रुळला. १९६६ मधे फिदियास दानिलो एस्कालोना नावाचा रेडिओ निवेदक दुपारी जेवणाच्या वेळी कार्यक्रम करायचा, त्या कार्यक्रमाच्या नावातच चव, साल्सा आणि बेंबे हे तिन्ही शब्द होते, आणि त्याच वर्षी फेदेरिको आणि त्याच्या कॉम्बो लातिनो या बँडची रेकॉर्ड आली, "येगो ला साल्सा", साल्सा आला! लोक जेवायला बसलेत, पानात सॉस आहे आणि रेडिओवरही सॉसच लागलाय, हे मला फार खरं वाटतं. नावं बहुतेक वेळा अशीच रुळतात, बोलता बोलता कुणीतरी म्हणतं आणि ते तोंडात बसतं.

चिंचगूळ

हडसनकाठ, जुनी_कॅसेट काका, दोघांचेही आभार, काराकासचं मला अजिबात माहीत नव्हतं.

आता मला सापडलेलं सांगते. हे नाव ज्यांच्या संगीताला लावलं त्यातल्या मोठ्या लोकांना ते मुळीच आवडलेलं नव्हतं. तितो पुएंते, तिंबालेस या जोडढोलांचा राजा, न्यू यॉर्कमधेच जन्मलेला, तो आयुष्यभर सांगत राहिला की सॉस खातात, वाजवत नाहीत, मी वादक आहे, आचारी नाही. न्यू यॉर्कमधे बँड चालवणाऱ्या माचितोचंही तेच, की यात नवीन काय आहे, मी चाळीस वर्षं हेच वाजवतोय. आणि क्यूबातल्या लोकांचा राग तर समजण्यासारखा आहे, कारण साल्साची हाडं सगळी क्यूबन सोनची. (सोन हा संगीतप्रकार, पूर्व क्यूबात सांतियागो-ग्वांतानामोच्या डोंगरी भागात वाढला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवानात आला.) आंधळा आर्सेनिओ रोद्रिगेस, त्रेस नावाची क्यूबन गिटार वाजवणारा, त्याने १९४० च्या सुमारास सोनच्या बँडमधे ट्रंपेट वाढवले, पियानो आणला, काँगा हा उंच ढोल आणला. आज आम्ही क्लासमधे ज्याच्यावर नाचतो तो सांगाडा हाच. मग परक्या शहरात कुणीतरी त्यावर नवीन चिठ्ठी लावली आणि क्यूबाचं नावच गेलं, तर वाईट वाटणारच ना. मला स्वतःला वाटलं. आपल्याकडच्या एखाद्या गोष्टीचं असं झालं असतं तर आपण गप्प बसलो असतो का?

हडसनकाठ

ताई, अगदी मान्य, पण त्यावेळची परिस्थिती बघायला हवी. १९५९ मधे क्यूबात क्रांती झाली, १९६१ च्या जानेवारीत अमेरिकेने संबंध तोडले, १९६२ मधे व्यापारबंदी आणि वर क्षेपणास्त्रांवरून झालेली टोकाची तणातणी. हवानाहून नवीन रेकॉर्ड येणं थांबलं, वादकांचं येणंजाणं थांबलं. अशा वेळी अमेरिकेत "क्यूबन संगीत" म्हणून काही विकणं सोपं नव्हतं.

दुसरं म्हणजे वाजवणारे क्यूबन उरलेच किती होते? विली कोलोन ब्रॉंक्समधे जन्मलेला पोर्तोरिकन घरातला पोरगा, पहिली रेकॉर्ड १९६७ मधे आली तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. लावो पोर्तो रिकोतल्या पोन्सेचा. ब्लेड्स पनामाचा. पाचेको डॉमिनिकन. पियानोवाला लॅरी हार्लो ब्रुकलिनचा ज्यू, त्याला लोक प्रेमाने "अद्भुत ज्यू" म्हणायचे. यांच्या गाण्यांत ब्रॉंक्सच्या गल्ल्या आहेत, मारामाऱ्या आहेत, घरभाडं आहे, गावाची आठवण आहे. कोलोनच्या बँडमधे ट्रंपेटच्या जागी ट्रॉम्बोन गुरगुरतात, तो आवाज हवानाचा नाहीच, तो त्या शहराचा आहे. (ट्रॉम्बोन पुढे आणले एडी पालमिएरीने, १९६१ च्या सुमारास, वरच्या चार्लीचा धाकटा भाऊ.) मग याला काय म्हणायचं? क्यूबन म्हटलं तर पोर्तोरिकन दुखावतो, पोर्तोरिकन म्हटलं तर पनामावाला बाहेर. साल्सा या शब्दात कुठल्याच देशाचं नाव नव्हतं आणि तो सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात होता. आमच्या ऑफिसातले काका म्हणायचे, आम्हाला तिथे "स्पॅनिश" म्हणून हिणवायचे, साल्सा आल्यावर पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या गोष्टीला नाव मिळालं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, ते मी विसरू शकत नाही.

मांडवी

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे पोर्तुगीज जाणणारी जुनी मंडळी अजून आहेत, त्यांना साल्सा म्हटलं तर भलताच अर्थ लागेल, कारण पोर्तुगीजमधे साल्सा म्हणजे पार्सली, कोथिंबिरीसारखी दिसणारी ती भाजी. शेजारशेजारच्या दोन भाषा, तोच शब्द, आणि अर्थ असा सरकला.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. त्या संगीतात दोन लाकडी दांडक्या एकमेकीवर आपटतात बघा, टक-टक आवाज येतो आणि सगळा बँड त्यावर चालतो, त्याला क्लावे म्हणतात. स्पॅनिशमधे क्लावे म्हणजे गुरुकिल्ली. मूळ लॅटिन क्लाविस. आता त्याच क्लाविसचं पोर्तुगीजमधे झालं शावे, आणि ते शावे आमच्याकडे, तुमच्याकडे आलं ते चावी होऊन! म्हणजे मराठी घरात दाराजवळच्या खुंटीला टांगलेली चावी आणि साल्सातली क्लावे या सख्ख्या बहिणी आहेत.

आणि बटाटा. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, रताळ्यासाठीचा. स्पॅनिश लोकांनी उचलला, पोर्तुगीजांनी घेतला, आपल्यापर्यंत आणून पोचवला. ज्या बेटांवरून हे संगीत आलं तिथला शब्द आपण रोज भाजीवाल्याला बोलतोय हे मला कळलं त्या दिवशी मी आईला दोनदा सांगितलं.

डग्गा

मांडवीताई, चावीचं वाचून अंगावर काटा आला!

मी काल रात्री क्लावे हातावर बसवायला घेतली ती लिहितो. आपले १६ मात्रांचे घर घ्या, त्यात पाच टोले, मात्रा १, ४, ७, ११ आणि १३. पहिल्या आठात तीन, दुसऱ्या आठात दोन. तीन-दोन म्हणतात, उलट केलं की दोन-तीन. आता डाव्या हाताने पायावर तीनतालाच्या टाळ्या द्या, १, ५, १३, आणि नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात रिकामा. गंमत बघा, एकला दोन्ही भेटतात, तेराला भेटतात, पण मधे चौथ्यावर क्लावे टाळीच्या एक मात्रा आधी येऊन जाते, पाचव्याला ती नसतेच, आणि खालीच्या जागेला तर हातही लावत नाही, तिच्या दोन मात्रा आधी आणि दोन मात्रा नंतर. दोन्ही पद्धतींचा काही संबंध आहे असं मला म्हणायचं नाही. पण ती चौथ्यावरची टक जी आहे ना, जिथे पाय अपेक्षा करतो पाचची आणि कानाला आधीच मिळून जातं, मला वाटतं चव म्हणतात ती तिथे आहे. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

दांडक्या धरायची रीतही बघितली. एक दांडकी डाव्या हातात बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्यावर नुसती टेकवायची, आवळायची नाही, खाली तळहाताची वाटी करायची. घट्ट धरली की आवाज मरतो. सैल ठेवली की ती वाटी घुमते आणि टक इतकी लख्ख येते की पंधरा जणांच्या बँडमधून कापत जाते. मी घरात दोन लाटणी घेऊन करून पाहिलं, खरंच फरक पडतो.

चिंचगूळ

डग्गा, आज क्लासमधे मी हे सगळ्यांना करायला लावलं!! आम्ही आठ मोजतो ना, १-२-३ आणि ५-६-७, चार आणि आठला पाय थांबतो. तुमच्या १६ मधली सातवी मात्रा म्हणजे आमचा चार, म्हणजे जिथे आमचा पाय थांबतो तिथे क्लावे बोलते. दीड वर्षात हे कुणी दाखवलं नव्हतं.

जुनी_कॅसेट

मराठी धागा म्हणून एक आठवण. हे ठेके आपल्याला नवे नाहीत. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र, १९५० च्या समाधी सिनेमातलं "गोरे गोरे ओ बाँके छोरे" त्यांनी "चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको" वरून बांधलं, आणि पुढच्याच वर्षी अलबेलामधे "शोला जो भडके" मधे बोंगोच्या ढोलक्या आणि माराकासचे खुळखुळे वाजवले. त्यांच्याबरोबर ट्रंपेटवाले गोव्याचे चिक चॉकलेट होते. साल्सा हे नाव जगात यायच्या पंधरा-वीस वर्षं आधी दादरच्या वाड्यांमधे रेडिओवर हे वाजत होतं. माझ्या वडलांना यातला एकही परदेशी शब्द माहीत नव्हता पण शोला जो भडके लागलं की हातातलं काम ठेवून टेबलावर बोटं वाजवायचे.

मांडवी

काका, चिक चॉकलेट यांचं नाव घेतल्याबद्दल देव बरें करूं.

हडसनकाठ

नावांचा विषय आहे तर अजून दोन. बाचाता, डॉमिनिकन रिपब्लिकचं संगीत, आज सगळ्या साल्सा पार्ट्यांत वाजतं, तो शब्द मुळात घरगुती पार्टी, मागच्या अंगणातला गोंगाट अशा अर्थाचा. वरच्या वर्गातले लोक तो हिणवायला वापरायचे म्हणून वाजवणारे त्याला "आमार्गे" म्हणायचे, म्हणजे कडवटपणा. परत चवच! आणि क्यूबन गायिका सेलिया क्रूझ दर गाण्यात "आसूकार" म्हणून ओरडायची त्याची तिने सांगितलेली गोष्ट अशी की मायामीतल्या हॉटेलात वेटरने विचारलं कॉफीत साखर घालू का, तर ही म्हणाली, अरे तू क्यूबन ना, आपली कॉफी किती कडू असते, साखर घाल! ती गोष्ट लोकांना इतकी आवडली की पुढे नुसता शब्द उच्चारला तरी पुरायचं. पण मला त्या शब्दात उसाचे मळे ऐकू येतात. ज्यांच्या ढोलांवर हे सगळं उभं आहे त्यांना आफ्रिकेतून धरून आणलं ते साखरेसाठीच. क्यूबात गुलामी संपली १८८६ मधे. सेलियाचा जन्म १९२५, मधे चाळीसच वर्षं.

तळटीपा

पहिल्यांदाच लिहितेय इथे, रोज वाचते. मिठावरून एक सुचलं. चिंचगूळताईंनी लिहिलं की साल्साच्या मुळाशी मीठ आहे. आपल्याकडे संस्कृतात मीठ म्हणजे लवण, आणि लवणाचा गुण तो लावण्य. सौंदर्याला शब्दच मिठावरून. अळणी म्हणजे अ-लवण, मीठ नसलेलं. लोणचंही तिथलंच. म्हणजे पिन्येरोच्या गाण्यातला सॉसेजवाला जे ओरडतोय ते आपल्या भाषेत "अळणी नको" इतकंच आहे. आणि लावणी हे नाव लावण्यावरून आलं असं बरेच जण मानतात...

जुनी_कॅसेट

स्वागत! अळणीचं फार आवडलं. लावणीबद्दल मात्र जरा जपून. दुसरं मत असं आहे की ती लावणे या क्रियापदावरून, शब्द एकापुढे एक लावत जाणे, भाताची रोपं लावतात तसं. दोन्ही बाजूंनी विद्वान आहेत.

तळटीपा

हो काका, म्हणूनच "मानतात" लिहिलं. लावण्य आणि अळणी मात्र नक्की. आणि लावणे वरून धरलं तरी मला ते तितकंच सुंदर वाटतं, चिखलात वाकून ओळीने रोपं लावणाऱ्या बायका आणि गाणं.

डग्गा

मग आता एचाले साल्सिताचं मराठी काय करायचं ते ठरवूया. "सॉस घाल" म्हटलं तर मेलंच ते.

हडसनकाठ

"चटणी घाल"? पण चटणीला ओघळ नाही. तिथे ते वरून ओततात.

जुनी_कॅसेट

पुण्यात मिसळीच्या हॉटेलात "सॅम्पल द्या" म्हणतात, कोल्हापुरात "कट वाढा".

तळटीपा

आम्ही नागपूरचे, आमच्याकडे तर्री. पोहे कोरडे दिले की समोरचा हमखास सांगतो, तर्री टाका ना भाऊ. ठेल्यावर सकाळी सात वाजता हेच चालू असतं, पातेल्यावर लाल तवंग, आणि तो डाव पोह्यांवर असा झोकात फिरवतो.

चिंचगूळ

तर्री!! मिळाला शब्द. साल्सिता म्हणजे छोटीशी, लाडाची साल्सा, म्हणून "टाक ना जराशी तर्री". आत्ता गाणं लावून त्यावर म्हणून बघितलं, शेवटच्या री वर जोर दिला तर पिन्येरोच्या ओळीत जवळजवळ बसतंय, फक्त "जराशी" घाईत म्हणावं लागतं. डग्गा, तुम्ही लाटणी घेऊन एकदा बघा ना, री तेराव्या मात्रेवर पडते का ते सांगा.

डग्गा

बघितलं. "जराशी" अकराव्यावर उचललं तर तेराला बरोब्बर पडते.